साक्षीदार हवा, पण आपल्या बाजूचा नको

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही ते दोनदा उलटसुलट केलं असेल, पण फाडू नका, शेवटपर्यंत वाचा. गुडघा कसा आहे? (तुमचे बंधू म्हणतात डावा दुखतो, मला वाटतं उजवा. जो दुखत असेल त्याची चौकशी समजा.)

इकडे सगळं ठीक. म्हणजे मी ठीक आहे, तुमचे बंधू परवापासून माझ्याशी जपून बोलताहेत. त्याचं असं झालं, की परवा माझी नागरिकत्वाची मुलाखत होती. हे जन्माने इथले, मी लग्न होऊन आलेली, तेव्हा लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही, अशी सरकारला खात्री हवी. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं संसार झाला, आता नागरिकत्वाचं काय लोणचं घालायचंय? वन्सं, मला बस चालवायची आहे. शहराची, मोठी, दोन दारांची. परीक्षा पास झाले, लायसन्स हातात आहे, डेपोतल्या शिकवणाऱ्या बाईंनी पाठ थोपटली. पण नोकरी फक्त नागरिकांना. लाँड्रीत लोकांच्या चादरींच्या घड्या घालून माझे खांदे भरून आलेत. मला ती बस हवी म्हणजे हवीच.

तर या मुलाखतीत नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात, तेच प्रश्न दोघांना विचारतात आणि मग उत्तरं ताडून बघतात. म्हणून मी आठवडाभर ह्यांची उजळणी घेत होते. माझी जन्मतारीख? पडद्यांचा रंग? तर हे म्हणणार, अगं, आपल्याच घराबद्दल काय पाठ करायचं! (लाडावून ठेवलंत तुम्ही, दुसरं काय.) मी मात्र सगळं घोकून गेले आणि धडाधड उत्तरं दिली. मग अधिकारीण बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवून दोन्ही कागद वाचले. मी सांगितलेलं, पलंगावर खिडकीकडे मी, दाराकडे हे. ह्यांनी सांगितलेलं, मी सोफ्यावर झोपतो. हल्ली पाठ धरते म्हणून, हे सांगायचं मात्र ह्यांचं राहिलं! पडद्यांचा रंग विचारल्यावर ह्यांनीच उलट विचारलं, आमच्याकडे पडदे आहेत? आणि माझी म्हणून जन्मतारीख सांगितली ती तुमची. (सालासकट, वन्सं! आता ती सरकारदरबारी नोंदली गेली.) बायकोला काय आवडतं, तर म्हणे माझ्या हातचा चहा. ह्या माणसाने आजवर गॅस पेटवला असेल तर शपथ!

माझा तोल गेला. तिथेच ह्यांना फैलावर घेतलं, आणि बाईंना म्हटलं, अहो, लग्न खोटं असतं तर ह्यांनी नीट पाठ केलं नसतं का? बाई हसल्या, पण मंजुरी देईनात. म्हणाल्या, मला पटतंय, पण फाइलला पटायला हवं. शेजाऱ्यांच्या साक्षी नेल्या होत्या, त्या बाजूला सारल्या. शेजारी सगळ्यांबद्दल गोडच लिहितात म्हणे. येत्या गुरुवारी खात्रीचा साक्षीदार आणा, नाहीतर अर्ज निकालात. घरी येताना हे म्हणाले, जाऊ दे ना. मी म्हटलं, मुळीच जाऊ देणार नाही, त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवीन पण बस चालवीन. तेव्हापासून हे स्वतःहून पडदे धुताहेत.

असो. सहज आठवण आली म्हणून चार ओळी लिहिल्या, काम काही नाही. गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. काम आहे. बाईंनी विचारलं होतं, तुमच्या बाजूने चुकूनही खोटं बोलणार नाही असं नात्यात कोणी आहे का? दोघांच्याही तोंडून एकदम तुमचंच नाव आलं. दिवसभरात आमचं जुळलेलं उत्तर तेवढं एकच. तेव्हा गुरुवारी यायचं. हे स्टेशनवर घ्यायला येतील. (मी येईन. हे चुकतील.)

आणखी एक ता. क. तिथे माझं कौतुक अजिबात करू नका, बाईंना संशय येईल. लग्नात सगळ्यांदेखत म्हणाला होतात ना, ही वर्षभरही टिकायची नाही, तेच सांगा. भावाला परत न्यायला बॅग घेऊन आला होतात, तेही सांगा. हा संसार मोडायला तुमच्याइतकं मनापासून कोणीच झटलं नाही, आणि तरी तो मोडला नाही, हे तुमच्याशिवाय शपथेवर सांगणार कोण?