कोपऱ्यातले दोन पाट

प्रिय आत्या,

आज चैत्रगौर बसली. तू गेल्यानंतरची पहिली. आईने सकाळीच आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं आणि मला विचारलं, "चैत्रांगण कोण काढणार?" माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी ऑनलाइन मागवलं होतं, छापील. मागचा कागद सोलायचा आणि दारातल्या फरशीवर चिकटवायचं. आईने ती गुंडाळी उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणून तुला लिहायला बसले आहे.

माझं एमबीएचं शेवटचं सत्र चालू आहे. तू भाजीवालीलासुद्धा सांगायचीस ना, "हमारी मनू मैनेजर बनेगी"? तर तुझी होऊ घातलेली मॅनेजर सध्या एक प्रोजेक्ट करते आहे. विषय, लोक विचार न करता खरेदी का करतात. आमचे सर म्हणतात, ग्राहकाला थांबायला वेळ दिला की विक्री गेली. मी ते वहीत उतरवून घेते आणि त्याच तासाला बाकाखाली फोन धरून काहीतरी मागवते. रांगोळीचे साचे मागवले, रंगांचे डबे मागवले, चाळण्या मागवल्या. रांगोळी मात्र एकदाही काढली नाही. वस्तू घरात आली की मला ती कला आल्यासारखंच वाटतं. हसू नकोस.

तुझी खरेदी किती वेगळी होती. चैत्राचा महिनाभर तू रोज सकाळी अंगण काढायचीस. गौरीचा झोका, शंख, कासव, गोपद्मं, फणी-करंडा, सगळं न बघता. आणि उजव्या कोपऱ्यात त्या वर्षी तुला हवी असलेली वस्तू! ती काही शास्त्रातली नव्हे, तुझी तूच घुसवलेली. महिनाभर ती रोज काढायची, आणि शेवटच्या दिवशीही काढावीशी वाटली, तरच ती आणायला राजवाड्याच्या बाजारात जायचं. फुलाफुलांची छत्री चौथ्या दिवशी कंटाळून गायब झाली होती. मिक्सर टिकला. मी हट्ट केला की मलाही म्हणायचीस, "पसंद आहे ना? मग काढ रोज. बघू किती दिवस टिकते."

मला शिकायचं होतं गं, खरंच. लहानपणी तुझ्या मागे मागे चिमूट घेऊन फिरायचे ते काय उगाच? पण गेल्या वर्षी तू रोज हाक मारायचीस, "मनू, बस ना दहा मिनट," आणि मी गाडीची किल्ली शोधत म्हणायचे, "आत्या यार, प्रेझेंटेशन आहे, बाद में." तू एकदाही रागावली नाहीस. रागवायला हवं होतंस. त्या रागाने कदाचित मी बसले असते.

आज आईने गुंडाळी परत दिली तेव्हा मी फोनमधले गेल्या वर्षीचे फोटो उघडले. तुझं अंगण मी रोज स्टेटसला टाकायचे, उभ्या उभ्या, दारातून निघताना. सगळे वाहवा करायचे आणि मीही खूश. पण आत्या, मी ते बघत नव्हते. आज पहिल्यांदा कोपरा मोठा करून पाहिला. दोन पाट होते. शेजारी शेजारी, मधे रांगोळीची वाटी. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी तेच. शेवटच्या फोटोतही तेच.

पाट तर आपल्या घरात चार आहेत. ते आणायला तुला राजवाड्याला कशाला जायचं होतं?

मी बराच वेळ दारातच बसून रडले. मग छापील अंगण माळ्यावर टाकलं आणि चिमटीत रांगोळी घेतली. झोका तिरका झाला. कासव ओळखू येत नाही, आईने त्याला बटाटा म्हटलं. अर्धी चिन्हं आठवलीच नाहीत. ती फोनवर शोधता आली असती, पण ती तुझी नसती, म्हणून तिथे जागा मोकळी सोडली आहे. कोपराही रिकामाच आहे. मला काय हवंय ते ठाऊक आहे, पण मला माणूस काढता येत नाही.

दुपारी बेटमा गावातल्या तुझ्या मैत्रिणीला, कुसुममावशींना फोन केला. तुम्ही दोघी शाळेत असताना एकाच अंगणात हे शिकलात, असं तू सांगायचीस. त्या म्हणाल्या, "आजा बेटा, रविवारी. पण माझे हात कापतात आता. मी सांगेन, काढायचं तू." रविवारी आमच्या गटाची प्रोजेक्टची बैठक होती. मी त्यांना सांगून टाकलं, माझा भाग आधी लिहून देते, रविवारी मी नाही.

तुला वचन देते, आत्या. हा महिना संपेपर्यंत मी रोज सकाळी बसेन, आणि दर रविवारी बेटम्याला जाईन. मावशींनी बोलावण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसेन, आणि त्या ऊठ म्हणेपर्यंत उठणार नाही.

तुझी,
उशिरा बसलेली मनू