बाप्तिस्म्यानंतरचा धुरा

प्रिय सुचिताताई,

परवा फोनवर तू इतक्या आनंदात बोलत होतीस की मी नुसती हो हो करत राहिले. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. पण मला जे सांगायचं आहे ते तेव्हा काढलं असतं, तर तू पहिल्याच वाक्याला 'असू दे गं' म्हणाली असतीस. तू 'असू दे' म्हटलंस की माझं बोलणं तिथेच संपतं, हे लहानपणापासूनचं आहे. म्हणून कागद घेऊन बसले. आपल्या गावचं कुणीतरी उद्या नांदुऱ्याकडे निघालं आहे, त्याच्या हाती वडनेरला पाठवते. सावकाश वाच, आणि मोठेबाबांना आत्ताच वाचून दाखवू नकोस.

इकडचं सगळं ठीक. सोयाबीन निघालं, आता हरभऱ्यासाठी वावरं तयार करायची घाई आहे. आईचा गुडघा तसाच. मोठेबाबांचा खोकला कमी झाला का, हे ती रोज मला विचारते आणि मी रोज 'ताईला विचारते' म्हणते. माझी जानेफळची शिकवणी सुरू आहे. शिवाय बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत वचन वाचायचं काम माझ्याकडेच आलं आहे, कारण घरात मी पहिली पदवीधर आणि मंडळीतही एकटीच. बापूंना वाटतं मी पास्टरपेक्षा चांगलं वाचते. पास्टरला वाटतं मी फार प्रश्न विचारते. दोघांचंही खरं आहे.

मागच्या महिन्यातल्या एका बुधवारची गोष्ट सांगते. दीपक पास्टर मोटरसायकलवरून आले होते आणि शिकवत होते की बाप्तिस्मा झाला म्हणजे जुना माणूस मेला, नवा माणूस उठला. त्या दिवशी बैठक रुखमाबाईंच्या ओसरीत होती. रुखमाबाई मध्येच म्हणाल्या, "पास्टर, मी त अजूनबी सुनेले शिव्या देतो." सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. पास्टरही हसले आणि म्हणाले, त्या शिव्या देणाऱ्या रुखमाबाई पैनगंगेच्या पाण्यात मेल्या, आता तुम्ही नव्या आहात. तर रुखमाबाई म्हणतात, "मेली असती त सकायी शिव्या कोन देऊन राह्यलं होतं?" पुन्हा हशा. मग गाणं सुरू झालं आणि तो प्रश्न तिथेच राहिला. मी मात्र त्या दिवसापासून त्यालाच धरून बसले आहे, आणि जितका विचार करते तितकी चिडते.

तू आमच्या सभांना दोन-तीनदा आली आहेस, तुला साक्ष म्हणजे काय ते माहीत आहे. माणूस उभा राहतो आणि सांगतो, मी आधी असा होतो, प्रभूने मला असं केलं. पूर्वी दारू, आता नाही. पूर्वी मारहाण, आता नाही. सगळ्या साक्षींमध्ये पाप नेहमी नदीच्या पलीकडच्या काठावर असतं. अलीकडच्या काठावर काय चाललंय ते कुणी सांगत नाही. मीही कधी सांगितलेलं नाही, कारण तसं सांगायची आमच्यात जागाच नाही. रोजच्या प्रार्थनेत आम्ही भाकरी मागतो आणि तिच्या पाठोपाठ क्षमा मागतो. रोज मागतो, ताई. पाप कायमचं संपलं असतं तर ती रोज कशाला मागावी लागली असती? हे मी पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, प्रेरणा, तुझं शिक्षण तुझ्या विश्वासाच्या आड येतं आहे. मला इतका संताप आला की मी त्यांच्यासाठी चहाच केला नाही.

आता बापूंविषयी. बापूंची साक्ष तर सगळ्या तालुक्याला पाठ आहे. आजोबांच्या माघारी वाटणी झाली, दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, त्या हातभर बांधावरून, तुझे बाबा आणि माझे, दोघं भाऊ भांडले, मेहकरच्या तहसीलीत वर्षानुवर्षं चकरा मारल्या. आपण दोघी धुऱ्यावरच्या बोरीखाली भेटायचो आणि मोठीआई तुझ्याबरोबर माझ्यासाठी गुपचूप शेंगोळे पाठवायची. बापू लपूनछपून धुरा कोरायचे, दर नांगरटीला एक हात. मोठेबाबा परत उकरून टाकायचे. मग बापूंचा बाप्तिस्मा झाला आणि तिसऱ्या दिवशी ते तुमच्या दारात जाऊन उभे राहिले. केस मागे घेतली, दोघांनी मिळून धुऱ्याचे दगड पहिल्या जागी रोवले. तू होतीस तिथे. मोठेबाबा म्हणाले होते, "निवृत्ती, बाप्तिस्मा तुहा झाला, बैलाइचा नाई. वखर धरताना ध्यान ठेवजो." किती हसलो होतो आपण. त्या संध्याकाळी तू मला म्हणालीस की देव असेल तर असाच असेल. मी ते कधी विसरले नाही. मला वाटतं तूही नाहीस, कारण परवा फोनवर तू जे म्हणालीस ते त्याच्यातूनच आलं आहे. काकांसारखं मन बदलत असेल तर मलाही बाप्तिस्मा घ्यायचा आहे, असं तू म्हणालीस.

ताई, बापूंनी या उन्हाळ्यात पुन्हा धुरा कोरला.

मोठीआई गेल्यावर मोठेबाबा तुझ्याकडे राहायला आले. तुमचं वावर रामराव मक्त्याने करतो, आणि त्याला धुरा कुठून कुठे जातो याचं सोयरसुतक नाही. बघणारं कुणी नव्हतं. मला सोयाबीन सोंगणीच्या वेळी कळलं. बायकांसाठी पाणी घेऊन गेले होते. बोर धुऱ्याच्या मधोमध असायची ना? आता ती आमच्या सोयाबीनमध्ये उभी आहे, तिच्या पलीकडेही आमचीच तासं. आधी वाटलं माझंच चुकतंय. मग जानेफळच्या बाजारात ट्रॅक्टरवाले अब्दुल गनी भेटले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "निवृत्तीभाऊ म्हने धुऱ्याकडून थोडं दाबून चालव. मी इचारलं ना ताई, भाऊ, थोडं दाबून म्हंजे किती? त निवृत्तीभाऊ म्हने, तू चालव, मी तिकडं पाह्यतच नाई." आणि खरंच तिकडे पाठ करून उभे राहिले म्हणे.

मी घरी येऊन सरळ विचारलं. बापू जेवत होते. आधी म्हणाले, शिकली म्हणून बापाले शिकवतं का. मी पुन्हा तेच विचारलं. मग ते म्हणाले, "माहे पाप धुतल्या गेले. झालेले अन् होनारे, सगळेच. पास्टर काय खोटं बोलते?" म्हणजे जे ऐकून आम्ही रडलो होतो, गाणी म्हटली होती, त्याचाच बापूंनी आडोसा केला. आई म्हणाली, जेवू दे त्याइले. मी ताट तसंच ठेवून अंगणात जाऊन बसले. मला वाटलं, रुखमाबाई तरी बऱ्या, त्या निदान शिव्या देते असं कबूल तरी करतात.

दुसऱ्या दिवशी मी पास्टरांकडे गेले. मला वाटलं होतं ते बापूंना रागावतील. ते घाबरले. ते वाईट नाहीत, ताई, उन्हातान्हात गावोगाव फिरतात, अर्ध्या भाकरीवर दिवस काढतात. पण त्यांचं म्हणणं असं की, दोन घरं आत्ता कुठे मंडळीच्या उंबरठ्यावर आहेत, गाव आधीच आमच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतं, निवृत्तीभाऊंची साक्ष खोटी ठरली तर काय राहील? मग ते माझ्याबरोबर घरी आले आणि बापूंना म्हणाले, धुरा परत जागेवर नेऊन टाका, हरभरा पेरण्याआधी, गुपचूप. रामरावला कळायचं नाही, मोठेबाबा तर तिकडे लांब. देवापाशी क्षमा मागितली की विषय संपला. बापूंना हे एकदम पटलं. दोघांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत होते. सगळं नीट होतंय आणि तरी काहीच नीट होत नाहीये, असं वाटत होतं, आणि ते का हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं. पदवीचा काही उपयोग झाला नाही.

आणि त्याच बैठकीत पास्टरांनी नांदुऱ्याच्या सभेचं काढलं, जिचं आमंत्रण तुला आलं आहे. बापूंनी साक्ष द्यायची, आणि मोठेबाबांना तू वडनेरहून घेऊन यायचं, त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवायचं, म्हणजे लोकांना दोन्ही भाऊ दिसतील. याच उन्हाळ्यात गुन्हा केलेला माणूस आणि ज्याचा गुन्हा केला तो, दोघांच्या गळ्यात हार. बापू हो म्हणाले.

मग गेला रविवार आला. महिन्यातून एकदा आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे ताटात घालून ताट सगळ्यांमधून फिरतं. ज्याच्या मनात कुणाविषयी काही अडलेलं असेल त्याने घेऊ नये, ताट पुढे द्यावं, असं पास्टर दरवेळी सांगतात. सांगतात, पण मी आजवर कुणाला तसं करताना पाहिलं नव्हतं, कारण ताट पुढे दिलं की सगळ्या मंडळीला कळतं. ताट बापूंकडे आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, बराच वेळ धरलं, आणि शेजारच्याकडे दिलं. काही घेतलं नाही. गाणं म्हणणाऱ्यांचे आवाज एकेक करून खाली आले. पास्टर पटकन म्हणाले, निवृत्तीभाऊंचा आज उपास आहे. बापू बसल्या जागेवरून म्हणाले, "उपास नाई." एवढंच. आणि कुणी काही विचारलं नाही. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. एवढी माणसं बसली होती, सगळी एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणणारी, पण एकानेही म्हटलं नाही की निवृत्तीभाऊ, काय झालं? सगळे लगबगीने चपला शोधायला लागले.

वाटेने चालताना बापू मला म्हणाले, "पह्यले वाईट होतो तवा बरं होतं प्रेरणा. तवा सांगता तरी येत होतं. आता चांगला झालो, आता कोनाले सांगू?" मला वाटतं त्या बुधवारी रुखमाबाईंनी जे विचारलं होतं, ते हेच होतं.

दुसऱ्या दिवशी दोर आणि खुंट्या घेऊन बापू वावरात गेले. मी मागून गेले. धुरा सरकवून देऊन मोकळं व्हायचं असं ठरलेलं होतं. पण दगड नांगरात उखडून गेलेले, जुनी रेघ नेमकी कुठून जात होती ते दोघं भाऊ मिळूनच सांगू शकले असते, आणि दुसरा भाऊ तुझ्या घरी खोकत पडलेला. बापूंनी अंदाजाने दोर लावला, काढला, पुन्हा लावला. शेवटी दोर गुंडाळून धुऱ्यावर बसले आणि म्हणाले, "गुपचूप घेतलं अन् गुपचूपच वापस देलं, म्हंजे दोन्ही खेपा मी दादाच्या वावरात चोरावानीच गेलो ना." ताई, मी पास्टरांना आणि स्वतःला जे समजावून सांगू शकले नव्हते ते हेच. त्याच संध्याकाळी बापूंनी पास्टरांना फोन केला, नांदुऱ्याला माझी साक्ष नाही म्हणाले. पास्टर बराच वेळ बोलत होते. बापू फक्त ऐकत होते आणि शेवटी पुन्हा नाही म्हणाले. मी पहिल्यांदाच पाहिलं की बापू कुणापुढे मान खाली घालूनही मागे हटले नाहीत.

आता मी का लिहिलं ते सांगते. सभेला मोठेबाबांना नेऊ नकोस. सभा ज्या रविवारी आहे त्याच रविवारी त्यांना इकडे घेऊन ये, सरळ वावरात. बापू तिथे असतील. कशासाठी ते मोठेबाबांना तू सांगू नकोस, बापूंना ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली. तुला मात्र मी आधी सांगते आहे, कारण बाप्तिस्म्याचा विचार तू बापूंकडे बघून केलास, आणि अर्धेच बापू बघून तू पाण्यात उतरावंस हे मला सहन होणार नाही. माझा बापूंवरचा राग अजून गेलेला नाही. पास्टरांवरचा तर नाहीच. मोठेबाबा चिडतील, कदाचित पुन्हा बोलणं टाकतील, तहसीलीत जाईन म्हणतील. म्हणू दे. तू मध्ये पडू नकोस, आणि कृपा करून त्या दिवशी तरी 'असू दे' म्हणू नकोस. बापूंना सगळं ऐकून घेऊ दे. मग तिथे उभी राहून तुला जे दिसेल ते बघ, आणि तुझं काय ते त्यानंतर ठरव. नाही म्हणालीस तरी मी समजेन. मला तर तिथे जे होईल त्याच्यासकटच विश्वास ठेवायचा आहे.

तुम्हा दोघांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
प्रेरणा