मक्याचा पिवळा शेंडा

पिशोर, मंगळवार, दिवेलागण

मका अजून पिवळाच. तरी सासऱ्यांनी आज पुन्हा युरिया फेकला. किती वेळा सांगू? खालची पानं हिरवी आहेत, शेंडा पिवळा आहे. युरियातलं नत्र कमी असतं तर खालची पानं आधी पिवळी पडली असती. कमी आहे गंधक. त्याच्याबिगर दिलेलं नत्र पिकाच्या अंगी लागत नाय.

मामंजी म्हणाले, "वावर रस्त्याला हाय. लोक हसतेत. आधी मका हिरवा काळाभोर होऊ दे, मग तुझं गंधक."

का माझंच चुकतंय? नाय. शेंडाच पिवळा आहे. आता त्याच शेंड्यातून तुरा डोकावतोय, म्हणजे खत द्यायची वेळ सरतच आली, आणि मी आणलेली गंधकाची पिशवी पडवीत तशीच बंद. मामंजींनी तिच्यावर युरियाची रिकामी पोती घडी घालून ठेवलीत.