मॅडम राउंडवर आहेत

सोमवार, ४ मार्च
आले बाई एकदाची नोकरीवर. सरकारी दवाखाना म्हणजे पोपडे आणि कोंदट वास, असं धरूनच आले होते. पण वॉर्डाला खिडक्या भरपूर, आणि क्वार्टरचा नळ चक्क गळत नाही. मोठ्या सिस्टर शिस्तीच्या दिसतात. फाटकावरच्या शिपायाला सगळे मामा म्हणतात. माझी बॅग उचलताना म्हणाले, काही अडलं तर सांगा, सांभाळून घेऊ. संध्याकाळी बाबांना फोन केला. हृदय थकलंय त्यांचं, पण ऐट तीच. ‘आमच्या डॉक्टरीणबाई’ म्हणून गल्लीभर सांगून झालंय. लवकर येऊन जा, म्हणाले. येते म्हटलंय.

गुरुवार, ७ मार्च
माझ्या आधीचे डॉक्टर बडतर्फ झालेत, विनापरवाना गैरहजेरीबद्दल. सिस्टरांकडून हळूहळू काढून घेतलं. त्यांची बायको बाळंतपणात अडली होती. रजेचा अर्ज वर पडून राहिला, म्हणून एका दुपारी ते तसेच निघाले आणि नेमकी तपासणीला साहेबांची गाडी आली. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर राउंडवर आहेत. यात नवल काही नाही, सरकारी दवाखान्यांत आम्ही एकमेकांसाठी एवढं करतोच. साहेब वाट बघून गेले. मग नोटिसा, चौकशी, बडतर्फी. माणूस परत आलाच नाही. मला तर रागच आला, निदान तोंड तरी दाखवायचं.

मंगळवार, १२ मार्च
कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजी म्हणतात, आधीचे डॉक्टर दुपारी तपासून गेले, हात फार गार होते. वयाचं असतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. मग शेजारची बाळंतीण म्हणाली, तिलाही तपासलं त्यांनी. बायको सुटली का, मुलगा की मुलगी, असं तिलाच विचारत होते. सिस्टर औषधांची ट्रॉली तिथेच टाकून बाहेर गेल्या.

शुक्रवार, १५ मार्च
आज त्यांची बायको आली होती, कडेवर मूल घेऊन. सांगत होती, ते घरी आलेच नाहीत. फक्त कळा देताना कपाळावर गार हात जाणवला, तेवढाच, मग तोही गेला. मूल वॉर्डाकडे बघून हसत होतं. एका कॉटवरून पुढच्या कॉटकडे त्याची मान फिरत होती, कोणीतरी चालत असल्यासारखी. तिने विचारलं, बाई, ते इथेच आहेत का हो.
ती गेल्यावर सिस्टर ओक्साबोक्शी रडल्या. म्हणाल्या, मी बोलले आणि तो राउंडवरच राहिला. त्याची नोकरी वाचवायला गेले नि त्यालाच अडकवून बसले. मलाही रडू आवरेना.

सोमवार, १८ मार्च
दादाचा फोन. बाबांचं काही खरं नाही, सारखं माझं नाव काढतायत. रजा नामंजूर. गेलात तर तुमच्यावरही तीच कारवाई, असं वरून उत्तर आलं. मरू दे ती नोकरी. सिस्टरांना बजावलंय, विचारलंच तर पळून गेली म्हणा, कामचुकार म्हणा, पण ते वाक्य नको. त्यांनी शपथ घेतली.
निघते. फाटकात साहेबांची गाडी — मागच्या दाराने जाते.

मंगळवार, १९ मार्च
घरी पोचले. दादाने दार उघडलं, रस्त्याकडे बघितलं — लावून घेतलं. माझ्याशी एक शब्द नाही. रागावलाय वाटलं.
बाबांच्या उशाशी बसलेय. हात धरला, तर शहारले — दादाला म्हणाले, गार लागतंय, पांघरूण घाल. दादा, अरे मी —

दादाने दवाखान्यात फोन लावला. मामांनी उचलला. काल साहेबांनाही तेच सांगितलं म्हणे, काळजी नको, मॅडम राउंडवर आहेत.
मामांना सांगायचं राहिलं. सिस्टरांना सांगितलं, मामांना — देवा —

स्पिरिटचा वास येतोय. घरात कुठून — बाबांच्या पलीकडे भिंत नाही, कॉटची रांग —

बाबा विचारतायत, आली का. दादा म्हणतोय, निघेल हं आता, कामात आहे. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजींनी नाडी दाखवायला हात पुढे केलाय — थांबा हो, आजी, जरा — बाबा, इकडे बघा ना. मी आलेय. मी तुमच्या —