पेंटरची छत्री

६ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. रविवारच्या सभेला जायचं. आमचा ग्रुप सभा चुकवत नाही. पक्ष कोणता हा मुद्दा गौण. आम्ही सगळ्यांच्या सभांना जातो आणि परत येताना सगळ्यांनाच शिव्या घालतो. नियोजन माझ्याकडे. तसं कोणी सांगितलेलं नाही, पण चष्म्याचं दुकान चालवतो म्हणजे दूरदृष्टी आलीच.

ग्रुपमधल्या ड्रायव्हरला फोन केला. म्हणाला, यंदा राहू दे ना. मास्तर म्हणाला, बघू. दोघांचेही होकार धरले.

पेंटर गेल्यानंतरची ही पहिलीच सभा. माणसं जातात, सभा काही थांबत नाहीत. मी त्यातून पूर्ण बाहेर आलो आहे.

८ फेब्रुवारी, बुधवार

पेंटरच्या घरून छत्री आणली.

नियम जुना आहे. पेंटर ताडमाड उंच. बोर्ड रंगवायला शिडी लागायची नाही त्याला. सभेत तो बंद छत्री उभी वर धरायचा, टोकाला लाल फडकं. गर्दीत चुकलात तर कोणाला शोधायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. वर बघायचं. छत्री दिसेल तिकडे चालायचं. आजवर आमच्यातलं कोणी हरवलेलं नाही.

आता छत्री मी धरणार. बायको म्हणाली, माळ्यावरचा डबा काढायला तुम्हाला स्टूल लागतं. उंची ही मानसिक गोष्ट आहे, हे तिला कळणार नाही.

वहिनी म्हणाल्या, भावजी, आत तरी या, हे गेल्यापासून फिरकला नाहीत. म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय. खोळंबलं नव्हतं, पण खोळंबू शकलं असतं. दारातूनच निघालो. वहिनी मागून म्हणाल्या, परत मात्र आणून द्या.

छत्रीला अजून टर्पेंटाइनचा वास आहे. दुकानाच्या कोपऱ्यात उभी केली. दिवसभरात दोनदा वाटलं, कोणीतरी उंच माणूस मागे उभा आहे. दुकानात आरसे फार झालेत. एखादा काढून टाकावा.

११ फेब्रुवारी, शनिवार

गच्चीवर छत्री धरून उभं राहण्याचा सराव. खांदा धरला. थोडं बाम.

पाण्याच्या चार बाटल्या भरल्या. बायकोने विचारलं, चार कशाला? म्हटलं, एक स्पेअर. ती माझ्याकडे बघत राहिली. हल्ली उगाच बघते. नंबर वाढला असेल. तपासायला हवा.

१२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

गाडीत बसून लिहितो आहे. मी पुढे, मास्तर मागे. मागची खिडकीची जागा रिकामी. मास्तर तिकडे सरकला नाही, मीही म्हटलं नाही. तिथे चौथी बाटली ठेवली. वळणावर ती घरंगळली तेव्हा मास्तरने तिला धरलं आणि नीट बसवलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि हॉर्न वाजवला. समोर रस्ता मोकळा होता.

आज अगदी पुढे जाऊन बसायचं. साहेबांचा चेहरा जवळून बघायचा.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

साहेबांचा चेहरा पाहिला नाही. भाषण ऐकलं नाही. कारणं माझ्या हातातली नव्हती.

मैदान तुडुंब. फाटकातून आत शिरलो की ढकलला गेलो, नक्की सांगता येणार नाही. छत्री उंच धरली. माझं उंच म्हणजे पुढच्या माणसाच्या टोपीपर्यंत. एकाने ओरडून विचारलं, काका, डोळा फोडता का? मी त्याला चष्मा घ्यायचा सल्ला दिला. वळून पाहिलं तर ड्रायव्हर नाही, मास्तर नाही.

घाबरलो नाही. नियम माहीत होता. वर बघितलं.

झेंडे होते, फलक होते, फुगे होते. लाल फडकं दिसेना. हा माणूस कधी चुकत नाही. मान दुखेपर्यंत बघितलं. एकदा डाव्या बाजूला दिसल्यासारखं वाटलं. तिकडे घुसलो, तर ते कोणाचं उपरणं निघालं. मग टर्पेंटाइनचा वास आला. अगदी जवळून, कानाशी. मी ओरडलो, अरे थांब, मी मागे राहिलोय. पाच-सहा लोकांनी वळून पाहिलं. त्यात तो नव्हता.

शेवटी हरवलेल्यांच्या तंबूत गेलो. माइकजवळ एक मुलगी बसली होती. विचारलं, कोण हरवलंय? म्हटलं, आमचा पेंटर. उंच आहे, नखांत रंग असतो, बोलतो कमी. हातात छत्री असेल, टोकाला लाल फडकं.

तिने ते सगळं माइकवर सांगितलं. अख्ख्या मैदानाला. पेंटर, जिथे असाल तिथून तंबूपाशी या, तुमचे मित्र वाट बघताहेत. मग हळूच म्हणाली, काका, छत्री तर तुमच्याच हातात आहे.

पाहिलं. होती.

ड्रायव्हर आणि मास्तर ती घोषणा ऐकूनच धावत आले. काखेत कळसा म्हणून ड्रायव्हरने एरवी मला वर्षभर पुरवून चिडवलं असतं. आज त्याला धाप लागली होती. त्याने तंबूत आधी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मास्तर तर बराच वेळ तंबूच्या दाराकडेच बघत होता.

धुळीने डोळे चुरचुरत आहेत. तिघांचेही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

दुकान बंद ठेवलं. छत्री परत द्यायला गेलो. आत गेलो. बसलो. खुंटीवर त्याचा रंगाने माखलेला शर्ट आहे.

वहिनींनी पाणी दिलं. विचारलं, नीट परत आलात ना सगळे?

हो म्हटलं. तिघंही.