अर्धी वाटी पोहे

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळही लिहावीशी वाटली नव्हती. आज दवाखान्यातून घरी आले आणि चहा ठेवायच्या आधी लिहायला बसले.

मला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला होता. सकाळच्या इंजेक्शननंतर पन्नास ग्रॅम रवा किंवा पोहे. आईला ग्रॅम कुठले माहीत? तिनं आपल्या डोंबिवलीच्या इमारतीखालच्या वाण्याला विचारलं. तो म्हणाला, अर्धी वाटी रवा म्हणजे पन्नास ग्रॅम धरा. तिनं धरले. महिनाभर रोज उपमा झाला. मी कंटाळले, म्हणून एका सोमवारी तिनं मोठ्या हौसेनं अर्धी वाटी पोहे घेऊन कांदेपोहे केले. शाळेत तिसऱ्या तासाला माझे हात थरथरायला लागले, घाम फुटला, फळ्यावरचं काही दिसेना. बाईंनी वेळेवर साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

त्या संध्याकाळी आई कणीक मळता मळता थांबत होती. "माझ्याच हातानं झालं," एवढंच म्हणत होती. तुम्ही पोह्यांचा डबा उघडून मूठभर पोहे हातावर घेतलेत, मग तेवढाच रवा घेतलात, आणि खाली वाण्याकडे गेलात.

वाण्यानं सांगितलं होतं, रविवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा तराजू न्या, चारच्या आत परत आणा. तर रविवारची दुपार आहे, तुम्ही बनियनवर स्वयंपाकघरात फरशीवर बसलाय, समोर तराजू आणि पितळेची लहान वजनं, आणि आई दाराशी उभी आहे, जवळ यायला तयार नाही.

"तुम्हीच भरा ना वाटी," ती म्हणते.

"मी भरून काय उपयोग? रोज तू भरतेस. तू नेहमी भरतेस तशीच भर."

ती बसते. पोहे, रवा, तांदूळ, कणीक, डाळ. प्रत्येक जिन्नस तिनं तीनदा भरायचा, तुम्ही तीनदा तोलायचा. अर्धी वाटी पोहे पंचवीस ग्रॅमही भरत नाहीत. आईचा चेहरा उतरतो. तुम्ही वजन खाली ठेवता आणि म्हणता, "अगं, तुझा हात चुकला नाही. पोहे हलके असतात, हे त्या कागदावर कुणी लिहिलंच नव्हतं." मग ती पुढची वाटी भरते. कणीक चाळून घेतली तर किती आणि डब्यात दाबून बसलेली घेतली तर किती, हे तिनंच तुम्हाला सुचवलं. चार वाजेपर्यंत कपाटाच्या दाराला आतून वाटीच्या वजनांचा कागद चिकटला होता.

त्याच कागदापायी मी एकदा तुमच्या हातीही सापडले. तो वाचून मी एक युक्ती काढली होती. रवा घेताना वाटी ओट्यावर आपटायची, की तो खाली बसतो आणि वर अजून मावतो. तुम्ही बघितलंत. ओरडला नाहीत. "भूक लागते का तुला?" असं विचारलंत. मी रडायला लागले. "मग तसं सांग ना बेटा. डॉक्टरांना विचारून वाढवू. आपण लपवलं, तर इंजेक्शन किती द्यायचं ते कसं ठरवणार?" त्या आठवड्यात मला घेऊन ठाण्याला गेलात आणि माझं जेवण खरंच वाढवून आणलंत. मी आज धडधाकट आहे, बाबा. डोळे, किडनी, सगळं नीट आहे.

आता मी ठाण्याला नौपाड्यातल्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसते. मागच्या आठवड्यात आंबिवलीहून एक बाई आली होती, तिच्या मुलीला हाच आजार. माझा कागद वाचून हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे काटा नाही हो." मी तिला घरातली वाटी आणि डब्यातले जिन्नस थोडे थोडे घेऊन यायला सांगितलं. आज ती आली. मी तिलाच वाटी भरायला लावली आणि सगळं तोलून तिच्याच वहीत लिहून दिलं. जाताना ती म्हणाली, "इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. कुठे शिकलात हे?"

हे पत्र डायरीत ठेवून देणार आहे, आईलाही दाखवणार नाही. कारण बाबा, मी त्या बाईला म्हटलं, कॉलेजात.