धोंडुबाईंचे मधले नाव

प्रति,
मा. संचालक,
अभ्यागत दर्शन कक्ष,
राज्य दप्तर भवन, मुंबई.

विषय : श्रीमती धोंडुबाई बिरदेव कोळेकर, रा. आटपाडी, जि. सांगली यांना दप्तर भवनाच्या मागील जिन्यावरील स्मृतिफलक पाहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे निमंत्रणपत्र. २) आपल्याच कक्षाची त्यानंतरची नकाराची पत्रे.

महोदय,

आपल्या पूर्व दरवाजावरील नोंदणी खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक ठेवले आहे. ते जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर आहे. धोंडुबाई त्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा भोक त्यांच्या डोक्यावरच्या पदराच्याही वर राहिले. बोलण्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. मी रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे. जे पाहिले ते पाहिल्या क्रमाने लिहायची सवय आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१. धोंडुबाई माझ्या शेजारी राहतात. त्यांचे पती बिरदेव कोळेकर दुष्काळात गाव सोडून आपल्या इमारतीच्या बांधकामावर गेले आणि परांचीवरून पडून वारले. अंत्यविधी तिकडेच झाला. गावी फक्त निरोप आला. बांधकामात मेलेल्या कामगारांची नावे मागच्या जिन्यावर कोरलेली आहेत, हे धोंडुबाईंना गेल्या वर्षी आपल्या निमंत्रणामुळे प्रथम कळले. "वारसांसाठी विशेष दर्शन फेरी" असे त्या पत्रात छापले आहे. धोंडुबाईंना वाचता येत नाही. मला सोबत नेताना त्यांनी एकच काम सांगितले होते, "बाई, तुमी फकस्त माझं बोट त्या नावावर ठिवा."

२. आपल्या नियमाप्रमाणे प्रत्येक अभ्यागताला आपले पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने यंत्रात सांगावे लागते. पूर्ण नावात पतीचे नाव येते. धोंडुबाईंनी ते जन्मात उच्चारलेले नाही. आमच्याकडच्या बिरोबालाही बिरदेव म्हणतात, म्हणून त्या देवाचेही नाव घेत नाहीत. देवळात "थोरला देव" म्हणून हात जोडतात. खिडकीवरचे कर्मचारी श्री. ज्ञानू हे शिराळ्याचे. त्यांना ही रीत ठाऊक होती. त्या दोघांचे बोलणे जसे झाले तसे देते.

"आज्जी, नाव सांगा."
"धोंडुबाई."
"मधलं?"
"कार्डावर हाय की. वाच."
"मी वाचून चालत न्हाई. तुमीच बोलायचं."
"मालकाचं नाव घिऊ व्हय रं? तू घेतोस का बायकोचं, चारचौघांत?"
"दिवसभर घेतो, आज्जी. तीच ओ देत न्हाई."

रांग हसली. धोंडुबाईही हसल्या. मग मागून कोणी तरुण म्हणाला, "आजी, उखाण्यात घ्या ना!" त्यावर धोंडुबाई वळून म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या पाटीला उखाणा घालू व्हय, लेकरा?" त्यानंतर रांगेत कोणी हसले नाही. श्री. ज्ञानू यांनी मान खाली घालून "माहिती देण्यास नकार" असा शेरा लिहिला आणि आम्ही परत फिरलो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे.

३. आपल्या पहिल्या पत्रात प्रतिज्ञापत्र मागितले. आम्ही सांगलीला नोटरीकडे गेलो. पतीचे नाव आपण उच्चारत नाही, असे सांगणारे ते प्रतिज्ञापत्र शपथेवर मोठ्याने म्हणायचे होते, आणि त्याची सुरुवात "मी, धोंडुबाई बिरदेव कोळेकर" अशी होती. नोटरींनी दोनदा चष्मा पुसला आणि आम्हाला चहा पाजून परत पाठवले.

दुसऱ्या पत्रात बोलता येत नसल्याचा वैद्यकीय दाखला मागितला. डॉक्टरांनी "आजी, काही बोला" म्हटल्यावर धोंडुबाईंनी त्यांना मुलेबाळे किती, पगार किती आणि दवाखान्यात पाणी का नाही, असे सलग विचारले. दाखला मिळाला नाही.

तिसऱ्या पत्रात राजपत्रातून मधले नाव कमी करून घेण्याचा सल्ला दिला. तो मानला तर त्या बिरदेव कोळेकरांच्या वारस उरत नाहीत, आणि मागचा जिना फक्त वारसांना दाखवला जातो. हे लिहिणाऱ्याने सही करण्यापूर्वी आपलेच निमंत्रणपत्र वाचले असते तर बरे झाले असते.

शेवटी मी सातारच्या आपल्या उपकक्षात गेले. तेथील अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, त्यांना दुसरं कुठलंही नाव पुटपुटायला सांगा. यंत्राला काय कळतंय?" मी हे धोंडुबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या बाप्याचं नाव लावून ह्यांना भेटाय जाऊ?"

४. महोदय, ते नाव आपल्या भिंतीवर आहे, आपल्या यादीत आहे आणि धोंडुबाईंच्या आधार कार्डावर आहे. त्यांच्या अंगठ्याचा ठसा आपल्या यंत्राने मान्य केला. त्या कोण आहेत याबद्दल आपल्या कार्यालयात कोणालाही शंका नाही. तरीही त्यांना रस्त्यावर उभे केले गेले. ज्या नावासाठी त्यांना अडवले, ते नाव पाहू द्या म्हणून त्या आपणहून कोणत्याही कार्यालयात गेल्या नव्हत्या. बोलावले आपण.

आता वर्तमानपत्रात आले आहे की दिवाळीनंतर नूतनीकरणासाठी मागचा जिना पाडणार आणि फलक "सुरक्षित ठिकाणी" हलवणार. सुरक्षित ठिकाण म्हणजे कोठीची खोली, हे कळायला मला प्रयोगशाळा लागत नाही. तिथे कोणाची दर्शन फेरी जात नाही. म्हणजे धोंडुबाईंजवळ दिवाळीपर्यंतचाच वेळ आहे, आणि तो आपण पत्रे लिहून संपवत आहात. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितले की उत्तर चुकले तर आधी आपली रीत तपासा. आपण प्रत्येक वेळी ही बाईच तपासली.

५. हा अर्ज इथवर लिहून काल संध्याकाळी मी धोंडुबाईंना वाचून दाखवला. पुन्हा खिडकीवर जायचे की नाही, हे मी त्यांना वर्षभर विचारत होते आणि त्या "बघू" म्हणत होत्या. काल त्यांनी निर्णय सांगितला. मी तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. तीच आमची मागणी समजावी :

"लिवा, बाई. मी नाव घेते. पर त्या भोकात न्हाई. त्या पाटीवर बोट ठिवून, त्यांच्या म्होरं घेते. सायबाला ऐकायचं आसंल तर त्यानं जिन्यावर यावं."

आपली जिन्यावर वाट पाहणारी,

चंदना आर्जव मगदूम
आटपाडी, जि. सांगली
दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : काही नाही. सगळे कागद आपल्याकडे आहेतच.